एमपीएचसाठी वावर गहाण टाकण्याआधी

प्रश्न आलाय ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातून. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालंय, आई गावची आशा सेविका आहे. एका खासगी विद्यापीठाची एमपीएचची, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीची, जाहिरात मोबाईलवर सारखी येते आणि तिच्यावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलंय. फीसाठी घरचे दोन एकरांतलं एक एकर धानाचं वावर गहाण टाकायला तयार आहेत. विचारणं असं की सार्वजनिक आरोग्यात नेमकं काम काय असतं, आणि ही डिग्री घ्यावी की नाही.

घाई दुसऱ्या प्रश्नाची आहे हे कळतं, कारण प्रवेशाची तारीख जवळ आलेली असणार. पण उत्तर पहिल्यात आहे. आपण कुठलं काम करणार हे ठरायच्या आधी डिग्री ठरतेय, ही खरी अडचण. याच क्षेत्रात फवारणी पथकातला कामगारही असतो आणि मुंबईत बसून देशाच्या जन्ममृत्यूची गणितं मांडणाराही. दोघांच्या वाटा एका डिग्रीतून जात नाहीत.

आधी काम काय ते बघू. दवाखान्यात जो येऊन बाकावर बसतो तो डॉक्टरचा पेशंट. सार्वजनिक आरोग्यात जो आलाच नाही त्याचा हिशोब द्यावा लागतो. शाळेत अपूर्णांक शिकलात, त्यातला अंश सगळेच सांगतात: इतक्यांना लस दिली, इतक्यांना गोळ्या दिल्या. आमच्याकडे आधी छेद विचारतात. खाली किती? कितीपैकी?

तुमच्याच भागातलं उदाहरण घ्या. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे. गढूळ साचलेल्या पाण्यातला क्युलेक्स डास तो पसरवतो. ज्याच्या अंगात जंतू आहेत त्याला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, म्हणून निरोग्यांसकट सगळ्या गावाला गोळ्या खाऊ घालाव्या लागतात. फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये होणारी मोहीम ती हीच. डीईसी आणि अल्बेंडाझोल, शिवाय तिहेरी औषधाचा जिल्हा असेल तर आयव्हरमेक्टिन. डीईसीचा डोस वयावर असतो: २ ते ५ वर्षांना १०० मिलिग्रॅम, ६ ते १४ ला २००, त्यापुढे ३००. आयव्हरमेक्टिन उंचीवर मोजतात. तिहेरी उपचारात उंचापुऱ्या माणसाच्या हातावर एकदम आठ गोळ्या येतात. त्या बघूनच अर्धे जण म्हणतात, 'ठेवा, जेवल्यावर खातो.'

मोहीम घसरते ती इथेच. समजा गावाची लोकसंख्या १,२०० आहे. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि अतिआजारी असे ६० वगळले, राहिले १,१४०. वाटप झालं १,०२६ जणांना. अहवालात ९० टक्के चढतं आणि बैठकीत कौतुक होतं. पण कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिळल्या ६९० जणांनीच. आता छेद बदला. हत्तीरोगाची साखळी तोडायची तर एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांच्या पोटात औषध जायला हवं, आणि तेही वर्षामागून वर्ष, कारण या गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात, पण प्रौढ जंत बरेचसे वाचतात आणि काही वर्षं जगतात. ६९० भागिले १,२०० म्हणजे साडेसत्तावन टक्के. ९० माणसं कमी पडली.

ही ९० माणसं कोण, याचा शोध म्हणजे सार्वजनिक आरोग्य. ऑगस्टमध्ये रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असतो. पथक अकरा वाजता गावात पोचतं, तोवर अर्धं गाव बांध्यांत, धानाच्या शेतांत, उतरलेलं असतं. जे घरी सापडतात ते उपाशीपोटी, आणि उपाशीपोटी गोळ्या द्यायच्या नसतात. कोणाला मागच्या वर्षी चक्कर आली होती, ताप भरला होता. हा त्रास बहुतेकदा अंगातले जंतू मेल्यामुळे होतो, म्हणजे औषध लागू पडल्याची ती खूण असते, पण हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीवर, तर कोणी गेलेलंच नसतं. उपाय साधेच आहेत. दुपारी जेवणाच्या वेळी थेट बांधीवर जाणं, सांजेला दुसरी फेरी, गोळी गिळल्यावरच बोटाला शाई, आणि राहिलेल्यांची वेगळी यादी. मग खरंच फरक पडला का ते बघायला रात्री साडेआठनंतर रक्तनमुने घ्यायचे, कारण हे जंतू दिवसा वरच्या रक्तात उतरत नाहीत. रात्री दहाला कोणाचं दार वाजवून बोटाला सुई टोचायची परवानगी मिळवणं हे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नीट शिकवलेलं नाही.

हे वाचून कंटाळा आला असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. बहुतेक काम असंच असतं.

विदर्भातल्या माणसाला हे शास्त्र परकं वाटायचं कारण नाही. वर्ध्याला १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग फाउंडेशन सुरू झालं. रोग्यांना वसाहतीत नेऊन ठेवण्याऐवजी त्यांनी घरोघर सर्वेक्षण, लोकशिक्षण आणि घरीच उपचार ही पद्धत बसवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आधी ८६ गावांतले जन्म आणि मृत्यू मोजले. मग ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू केली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. गावातल्याच बाईला बाळ तपासायला आणि जंतुसंसर्ग झाल्यास औषध-इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ती ४७ गावं मोजली नसती तर हा आकडा कोणी मानला नसता.

तुमची आई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ना, ते याच कामाचं देशभर पसरलेलं रूप. म्हणून तुमची पहिली शाळा घरातच आहे. महिनाभर आईबरोबर जा. बाळाचं वजन करताना झोळी अडकवून काटा शून्यावर आणला का ते बघा. तो आणला नाही तर झोळीचं वजन बाळात मिसळतं आणि अडीच किलोखालचं बाळ कागदावर धडधाकट होतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. नवजात बाळ अडखळत श्वास घेतं, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा हमखास चुकतो. मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं, आणि तरीही तेवढेच आले तर बाळ दवाखान्यात. हे करताना आईची डायरी उघडा: किती घरं, किती गरोदर, किती बाळं, कोण मिरची तोडायला तेलंगणात गेलंय. एमपीएचच्या पहिल्या सत्रात 'लोकसंख्येचे निर्देशक' म्हणून जे शिकवतात त्याचा कच्चा माल त्या डायरीत असतो.

आता नोकऱ्यांकडे. यंत्रणेची रचना माहीत असेल तर पदं समजायला सोपी जातात. साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र; आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. त्यावर तालुका आणि जिल्हा. कायम पदं जिल्हा परिषद किंवा राज्य शासनाकडून भरली जातात, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पदं कंत्राटी.

उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद तुम्हाला बंद आहे, त्याला आयुर्वेद, युनानी किंवा नर्सिंगची पदवी लागते. आरोग्य सेविकेला एएनएमचा नर्सिंग कोर्स आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी. आरोग्य सेवक (पुरुष) हे पद मात्र नीट वाचा. जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीत त्याचे दोन गट होते. एक ४० टक्क्यांचा, विज्ञान घेऊन दहावी झालेल्यांसाठी. दुसरा ५० टक्क्यांचा, ज्यांनी हंगामी फवारणी कर्मचारी म्हणून ९० दिवस काम केलंय त्यांच्यासाठी. हिवतापाच्या फवारणीला रोजंदारीवर जाणाऱ्या पोराला लोक हसतात, पण तो ९० दिवसांचा दाखला पदवीपेक्षा जड ठरू शकतो. दाखला हातोहात घेऊन ठेवायचा, दहा वर्षांनी मागायला गेलं तर हजेरीपट सापडत नाही.

क्षयरोग कार्यक्रमात वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक हे तालुका पातळीवरचं चांगलं पद आहे. पदवी किंवा स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स, संगणकाचं प्रमाणपत्र आणि दुचाकीचा पक्का परवाना. परवाना नाही म्हणून बाद होणारे, विशेषतः मुली, दर भरतीत असतात. काम म्हणजे औषध सुरू झालेला प्रत्येक रुग्ण सहा महिने टिकवणं. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो आणि रुग्ण गोळ्या बंद करून कामाला लागतो, तिथे खरी नोकरी सुरू होते.

तुमच्या सूक्ष्मजीवशास्त्राला सगळ्यात जवळची वाट प्रयोगशाळेची आहे. पण नुसत्या बी.एस्सी.वर ती अर्धीच उघडते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या जाहिरातीत बहुधा डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, हीसुद्धा मागतात. ते झालं की आरोग्य केंद्रं, क्षयरोग आणि रक्तपेढ्या खुल्या होतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळाही नजरेत ठेवा, तिथे जिवाणू तपासणीला तुमचाच विषय लागतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं कामही तुमच्या भागात वाढतं आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. त्यातली एक गोष्ट आत्ताच शिकून ठेवा. गावात करतात ती नळीतली सोल्युबिलिटी चाचणी गढूळ आली म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीशिवाय सांगता येत नाही. गढूळ नळी दाखवून एखाद्या मुलीला 'रुग्ण' म्हणून टाकलं की तिचं लग्न मोडतं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, हे समोरच्याला घाबरवून न सोडता सांगता यायला हवं.

आणि आता एमपीएच. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती काढून बघा. साथरोगतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापक, जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक यांच्यासमोर अर्हतेच्या रकान्यात साधारण असं लिहिलेलं असतं: कोणतीही वैद्यकीय पदवी, सोबत एमपीएच किंवा एमएचए (रुग्णालय प्रशासन) किंवा आरोग्यातलं एमबीए. यातला 'वैद्यकीय पदवी' हा भाग जाहिरातबाज विद्यापीठं सांगत नाहीत. बी.ए.एम.एस. किंवा बी.डी.एस. झालेल्याला एमपीएचने दार उघडतं. बी.एस्सी. अधिक एमपीएच झालेला कागदपत्रं तपासणीतच बाहेर पडतो, आणि तोवर फी गेलेली असते. माझ्या मते या डिग्रीबाबत होणारी सगळ्यात महागडी चूक हीच.

म्हणजे बी.एस्सी.वाल्याला एमपीएच निरुपयोगी का? तसं नाही. संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, सर्वेक्षण आणि माहिती विश्लेषण यांत ती चालते. पण तिथे डिग्रीआधी विचारतात की फील्डवर किती राहिलात, आकडे हाताळता येतात का, इंग्रजीत एक पान अहवाल लिहिता येतो का. आणि संस्थेच्या नावाने फरक पडतो: मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), त्रिवेंद्रमची श्री चित्रा तिरुनल, चंदीगडचं पीजीआय, पुणे विद्यापीठ. प्रवेशाच्या अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत, काही ठिकाणी आरोग्यातलीच पदवी लागते, तेव्हा माहितीपत्रक शब्द न् शब्द वाचा. आकड्यांची आवड असेल तर एमपीएचऐवजी मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) मधला लोकसंख्याशास्त्राचा अभ्यास जास्त कामाला येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते.

माझा सल्ला परिस्थितीवर अवलंबून आहे हे कबूल. घरी बहिणीचं लग्न किंवा आजारपण उभं असेल आणि लगेच पगार हवा असेल तर डीएमएलटी करा, सोबत एमएस-सीआयटी आणि दुचाकीचा परवाना, बाकी सगळं नंतर. दोन वर्षं ओढता येणार असतील तर आधी एक वर्ष फील्डवर काढा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत किंवा 'सर्च'मध्ये प्रकल्पांसाठी क्षेत्रीय कर्मचारी लागत असतात. पगार बेताचाच, पण मुलाखत कशी घ्यायची, प्रश्नावली कुठे खोटी भरली जाते, हे तिथे कळतं. तरुणांसाठी 'सर्च'चा 'निर्माण' उपक्रम आहे, त्यालाही अर्ज करा. तुम्हाला झाडीबोली येते. गोंडी थोडीफार आली तर गडचिरोलीच्या कुठल्याही प्रकल्पात तुमचा अर्ज वर येईल, आणि हे शहरातल्या एमपीएचवाल्याला दोन वर्षांत जमत नाही.

कंत्राटी नोकरीबद्दल मोघम बोलून उपयोग नाही. नेमणूक ११ महिने २९ दिवसांची, मग एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नेमणूक. मानधन कधी कधी दोन-तीन महिने उशिरा येतं, तेव्हा तेवढ्या महिन्यांचा किराणा आणि पेट्रोल हाताशी ठेवूनच रुजू व्हावं. दिवसा गावं आणि रात्री पोर्टल: क्षयरोगाचं निक्षय, साथरोगांचं आयएचआयपी, गरोदर मातांचं वेगळंच. रेंज नसलेल्या गावात दिवसभर वहीत लिहून रात्री भरताना तारखा चुकतात, आणि चुकीची तारीख म्हणजे पाच दिवस उशिरा कळलेली साथ. समायोजनाच्या, म्हणजे कायम सेवेत घेण्याच्या, आश्वासनावर आयुष्याचं गणित मांडू नका. पण चार-पाच वर्षांचा कंत्राटी अनुभव पुढच्या जागेला मोजला जातो, तेवढा त्याचा नक्की फायदा.

हे काम हाताला कसं लागतं ते घरीच करून बघता येईल. पावसाळ्यात गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर कशी टाकतात ते बघा. व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर ३.१४ × ३ × ३ × ४ भागिले ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं. गाळ म्हणजे चुना, तो टाकला की पाणी जड होतं. नंतर तासभर कोणी पाणी भरायचं नाही, म्हणून बाया पहाटे यायच्या आत हे उरकायला हवं. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघायचं. पिवळा रंग आला नाही तर बहुतेक वेळा दोष पावडरीचा असतो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेल्या पोत्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो, वास तेवढा राहतो. तुमच्या गावात हे कोण करतं, मोजून करतं की ओंजळीने, आणि टेस्टची नोंद कुठे आहे, एवढं शोधून वहीत लिहा. कुठल्याही मुलाखतीत ते पान तुमच्या बाजूने बोलेल.

थोडक्यात, आत्ता गहाण काहीच टाकू नका, आधी मोजा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या पाच जिल्ह्यांच्या मागच्या दोन वर्षांच्या आरोग्य भरतीच्या जाहिराती उतरवून घ्या. वहीत चार रकाने पाडा: पद, मागितलेली अर्हता, आजच्या बी.एस्सी.वर चालेल का, डीएमएलटी केल्यावर चालेल का. पाचवा रकाना एमपीएचचा. दोन संध्याकाळचं काम आहे. कुठल्या रकान्यात किती 'चालेल'च्या खुणा पडतात ते बघून फी कुठे भरायची ते ठरवा.

आणि त्या विद्यापीठाला फोन कराच. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे कितीपैकी शंभर, हे विचारा. मागच्या बॅचला प्रवेश किती जणांनी घेतला, त्यातल्या किती जणांनी दोन्ही वर्षं पूर्ण केली, आणि टक्केवारी काढताना प्रवेश घेतलेले सगळे धरले की फक्त 'प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेले'. शेवटचं उत्तर आलं तर नोंदणीला कोण पात्र ठरतं तेही विचारा. त्यांतले बी.एस्सी.वाले किती आणि बी.ए.एम.एस.वाले किती, पगार किती आणि कुठल्या गावात. तोंडी नको, ई-मेलवर मागा. मागच्या बॅचमधल्या विदर्भातल्या, बी.एस्सी. करून आलेल्या दोघांशी बोलणं करून द्या म्हणा. बोलणं झालं आणि समाधान झालं तर पुन्हा लिहा, फी, कर्ज आणि वावर यांचा हिशोब तेव्हा बसून करू.